बोटीला बॅरेजमधून वाट कुठे आहे?

महोदय,

सारंगखेड्याची यात्रा जवळ आली की तापीत बोटसफर सुरू करण्याची चर्चा रंगते. 2016 च्या कायद्याने तापी राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत आली, हाही दाखला दिला जातो. पण सुलवाडे बॅरेजच्या खालून निघालेली बोट प्रकाशा गावाकडे जाताना सारंगखेडा बॅरेजला अडणार. तिथले दरवाजे पाणी अडवायला आणि सोडायला आहेत. बोट पार न्यायची तर जलपाश, म्हणजे नेव्हिगेशन लॉक लागतो. गंगेवर फरक्क्याला तो आहे.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला काँक्रीटचा लांबट हौद. बोट उतरवायची तर हौद वरच्या पातळीपर्यंत भरायचा, बोट आत घ्यायची, वरचं दार लावायचं आणि खालचे व्हॉल्व्ह उघडायचे. पाणी आपल्या वजनाने जातं, पंप लागत नाही. मात्र दोन्हीकडची पातळी एक झाल्याशिवाय खालचं दार उघडायचं नाही. पातळीत 10 सेंटिमीटरचा फरक उरला, तरी 10 मीटर पाण्यात उभ्या 4 मीटर रुंद दाराच्या झडपेवर 4 टनांचा भार असतो.

घोटाळा बहुधा दोरात होतो. उतरताना दोर खुंट्याला गाठ मारून ठेवला, तर पाणी खाली जातं आणि बोट भिंतीला लटकते. खुंट्याला एक वेढा द्यायचा, टोक हातात धरायचं आणि दोर सोडत राहायचं. बोट वरच्या दारापासूनही लांब हवी. तिथला काँक्रीटचा उंबरा पुढे आलेला असतो. पाणी उतरलं की बोटीचं बूड त्यावर अडकतं आणि नाक खाली जातं.

शेतकऱ्यांची शंका पाण्याची, आणि ती रास्त आहे. समजा हौद 30 मीटर लांब, 8 मीटर रुंद आणि पातळीतला फरक 8 मीटर. एका वेळी 19 लाख 20 हजार लिटर पाणी खाली जाईल. एक बोट उतरवून त्याच रिकाम्या हौदात दुसरी चढवायला घेतली, तर तेवढ्याच पाण्यात दोन बोटी निघतात. शिवाय सारंगखेड्याला सोडलेलं पाणी प्रकाशा बॅरेजला अडतं. प्रकाशाच्या खाली सोडलेलं मात्र गुजरातेतल्या उकाई धरणाकडे गेलं म्हणायचं.

खरी डोकेदुखी गाळाची. पुरानंतर दाराच्या बुडाशी गाळ बसतो, झडपा पूर्ण मिटत नाहीत आणि फटीतून पाणी वाहत राहतं. दरवर्षी उपसा आलाच. पावसाळ्यात बॅरेजचे दरवाजे उघडे असतात, तेव्हा बोटी बंदच ठेवाव्या लागतील.

उभ्या बॅरेजच्या बगलेत लॉक बसवायचा म्हणजे काठ फोडून नवं बांधकाम. त्याआधी स्वस्तातला प्रयोग करून पाहावा: बॅरेजच्या वर एक बोट, खाली एक, आणि प्रवाशांनी मधलं अंतर पायी जायचं. धक्के मात्र तरंगते हवेत. पक्क्या पायऱ्या बांधल्या तर पाणी उतरल्यावर बोट चिखलात आणि पायऱ्या वर राहतील.

— एक निवृत्त स्थापत्य अभियंता, शहादा