भोकं पडलेली पानं

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयातल्या मुलांना अमेरिकी चित्रकार-लेखक एरिक कार्ल यांची पुस्तकं दाखवायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. फक्त 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' पडद्यावर दाखवू नकोस. त्यातला भुकेला सुरवंट फळं खात पानांना भोकं पाडत जातो: सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, असं करत शुक्रवारी पाच संत्री. आणि फळं जितकी कमी, तितकं पान अरुंद. मूल सुरवंटाच्या भोकात बोट घालतं आणि वार नि आकडे म्हणत पुढे जातं. पडद्यावर हे सगळं सपाट होतं.

कागदांच्या चळतीला पंचने भोकं पाडताना कार्ल यांना पुस्तक पोखरणाऱ्या किड्याची कल्पना सुचली. संपादक अ‍ॅन बेनेड्यूस यांना किडा रुचला नाही, त्यांनी सुरवंट सुचवला आणि फुलपाखरू आपसूक आलं. अशी पानं परवडेल त्या दरात छापणारा अमेरिकेत मिळेना, म्हणून 1969 साली पुस्तक जपानमध्ये छापलं गेलं.

मोठ्या मुलांना कार्ल यांचं बालपणही सांग. जन्म 1929, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा. सहाव्या वर्षी आईवडील जर्मनीत, स्टुटगार्टला परतले. महायुद्धात वडील सैन्यात गेले आणि रशियनांच्या कैदेत अडकले. त्या काळात क्राउस नावाच्या चित्रकलाशिक्षकांनी नाझींनी बंदी घातलेली आधुनिक चित्रं या मुलाला गुपचूप दाखवली. कार्ल यांच्या चित्रांतल्या निळ्या घोड्याचं मूळ तिथे आहे. 1952मध्ये ते अमेरिकेत परतले आणि जाहिरातीच्या क्षेत्रात स्थिरावले. तिथे एका जाहिरातीसाठी त्यांनी केलेलं लाल लॉब्स्टरचं चित्र लेखक बिल मार्टिन यांच्या नजरेत भरलं, आणि 1967मध्ये दोघांचं 'ब्राउन बेअर, ब्राउन बेअर' हे पुस्तक आलं.

आता हातकाम. कार्ल कागद आधी रंगवत, मग कापून त्या तुकड्यांचं चित्र चिकटवत. पांढरा टिश्यू पेपर प्लॅस्टिकवर पसरा. खाली वर्तमानपत्र नको, ते चिकटून बसतं. रंग अ‍ॅक्रिलिकच घ्या. पोस्टर कलर वाळला तरी खळ लागताच पुन्हा विरघळतो, आणि आकाराच्या कडेने चिखल होतो. पतंगाच्या रंगीत कागदाचंही तेच, ओला झाला की रंग सोडतो. शिवाय तयार रंगीत कागद उन्हाने विटतो. पहिला थर पूर्ण वाळू द्या, मगच त्यावर दुसऱ्या रंगाचे फटकारे, ठिपके, स्पंजचे ठसे. घाई केली की कागद फाटतो, कारण ओल्या टिश्यूत जीव नसतो. ब्रश घासू नका, टेकवत चला.

तुकडे चिकटवायला कार्ल भिंतीच्या कागदाची खळ वापरत. आपल्याला मैद्याची चालेल: एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी, गुठळी होऊ न देता शिजवून पूर्ण गार केलेली. खळ टिश्यूला नाही, जाड पुठ्ठ्याला लावायची आणि आकार मधून कडेकडे दाबायचा. हलकी सुरकुती राहिली तर राहू दे, सुरवंटाच्या अंगावर ती शोभतेच. उरलेले तुकडे रंगांप्रमाणे वेगळे ठेव. कार्ल यांच्या खणांतही तशीच वर्गवारी असे.

एक शंका मात्र येणारच. इंग्रजी पुस्तकात फुलपाखरू 'ककून'मधून निघतं, तर शाळेत फुलपाखराच्या कोषाला 'क्रिसॅलिस' म्हणायला शिकवतात. मुलांची शंका बरोबर आहे, तसं मोकळेपणी सांग. रेशमी ककून विणतात ते पतंग, म्हणजे मॉथ हे कीटक. कार्ल यांचे वडील त्यांना "तुझ्या ककूनमधून बाहेर ये" म्हणत, म्हणून त्यांनी तोच शब्द ठेवला. मराठीत सांगताना तुझी अडचणच नाही, आपला 'कोष' दोन्हींना चालतो.

तुझा,
सुहास