डोमिसाइल विचारायचं तर सगळ्यांना विचारा

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

ब्रिटनमधले श्रीमंत लोक नव्या टॅक्सला कंटाळून देश सोडून चाललेत, त्यात आपले भारतीय पण आहेत, असा लेख तुमच्या पेपरात वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी मूळची सांगलीची, 2016 पासून इंग्लंडमध्ये स्लाऊला राहते, एका हॉस्पिटलच्या पगार विभागात काम करते, म्हणजे नर्स, वॉर्डबॉय, क्लीनर सगळ्यांच्या पगारातून टॅक्स कापला जाताना महिन्याच्या महिन्याला बघते. लेखात जाणाऱ्यांचं दुःख आलं पण इतकी वर्षं ते काय भरत होते ते काही आलं नाही.

आपल्याकडे डोमिसाइल म्हटलं की मुलांच्या अ‍ॅडमिशनसाठी तहसील ऑफिसातून आणायचा दाखला आठवतो. इथं त्या शब्दाला वेगळंच वजन होतं. जन्मताना बहुतेकांना वडिलांचं डोमिसाइल मिळतं, आणि माणूस ब्रिटनमध्ये राहत असला तरी त्याचं कायमचं घर दुसऱ्या देशात धरलं जात असेल तर तो नॉन-डॉम. अशा माणसाने परदेशातली कमाई परदेशातच ठेवली, इथं आणली नाही, तर त्यावर इथं टॅक्स नाही. 1799 साली इन्कम टॅक्स आला तेव्हापासूनची ही चाल, आणि ती 6 एप्रिल 2025 ला बंद झाली.

आता मी पण नॉन-डॉमच होते हो. वडील सांगलीचे, जीव सांगलीत. 2020 मध्ये वडील गेले आणि त्यांच्या फ्लॅटचं भाडं माझ्या नावावर यायला लागलं, महिना 25,000, म्हणजे वर्षाचे 3,00,000 रुपये, इथले साधारण 3,000 पौंड. बाहेरची कमाई वर्षाला 2,000 पौंडांच्या आत असेल तर प्रश्न नव्हता, पण त्याच्या वर गेली की ती सवलत मागायला लागायची, आणि मागितली की पहिल्या 12,570 पौंडांवर टॅक्स नाही ही जी सगळ्यांना सूट असते ती जायची. मी कागद घेऊन बसले आणि हिशोब केला. भाड्यावर इथला टॅक्स 20 टक्क्यांनी फार तर 600 पौंड, त्यातून पण भारतात भरलेला वजा होतो. आणि सवलत मागितली तर सूट जाऊन वरती 2,514 पौंड भरायचे. मी गुपचूप 600 वाला रस्ता धरला. पुढे इथं सात वर्षं झाली की त्याच सवलतीसाठी वर्षाला 30,000 पौंड फी, बारा वर्षं झाली की 60,000. म्हणजे कायदा सगळ्या नॉन-डॉमसाठी, पण परवडणार कुणाला? ज्याची बाहेरची कमाई लाखांनी-कोटींनी आहे त्यालाच.

एप्रिल 2022 मध्ये अक्षता मूर्तींचं प्रकरण आलं ते सगळ्यांना आठवत असेल. त्यांचे पती ऋषी सुनक तेव्हा इथले अर्थमंत्री, आणि त्याच आठवड्यात आमच्या पेस्लिपवर नॅशनल इन्शुरन्स (टॅक्सशिवाय पगारातून कापला जाणारा सरकारी विम्याचा हप्ता) 1.25 टक्क्यांनी वाढला होता, आमच्या ऑफिसात फोन थांबत नव्हते, पगार कमी का आला म्हणून. अक्षता मूर्ती पण नॉन-डॉम, त्यांनी 30,000 पौंडांची ती फी भरून इन्फोसिसच्या डिव्हिडंडवरचा इथला टॅक्स वाचवला, तो कायद्यात बसतच होता, आणि दोनतीन दिवसांतच यापुढे सगळ्या कमाईवर इथं टॅक्स भरीन असं त्यांनी जाहीर पण केलं. तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळे त्यांच्या बाजूने, कारण इन्फोसिस 1981 मध्ये पुण्यात सुरू झाली, आपली माणसं. अभिमान मला पण आहे. पण आपल्या माणसांत माझ्याबरोबर रात्रपाळी करून निघणारी मिरजेची नर्स पण येते की, तिचा पगार हातात यायच्या आधीच टॅक्स कापलेला असतो.

दुसरी गोष्ट प्रायव्हेट इक्विटीची, ती मला जास्त टोचते. हे लोक पेन्शन फंडांचे आणि मोठमोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे घेऊन कंपन्या विकत घेतात, काही वर्षं चालवतात आणि विकतात. फायदा ठरलेल्या पातळीच्या वर गेला की त्यातला साधारण 20 टक्के हिस्सा मॅनेजरांचा, त्याला कॅरीड इंटरेस्ट म्हणतात. स्वतःचे पैसे त्यात फार थोडे असतात. आमच्याकडे दुसऱ्याचं शेत वाट्यानं करणाऱ्याला त्याचा वाटा मिळतो तो राबल्याचा, त्याला कुणी जमिनीचा मालक म्हणत नाही. इथं मात्र त्या वाट्याला भांडवलावरचा नफा मानलं. 2007 मध्ये या धंद्यातल्याच निकोलस फर्ग्युसन यांनी उघड सांगितलं की आमच्यासारखे लोक सफाई करणाऱ्या बाईपेक्षा कमी दराने टॅक्स भरतात हे बरोबर नाही. तेव्हा त्यांना दर 10 टक्क्यांपर्यंत खाली पडायचा आणि साध्या पगाराला 22 टक्के टॅक्स, वर 11 टक्के नॅशनल इन्शुरन्स. त्यावर गदारोळ झाला, 2008 ला दर 18 झाला, मग 28, 2025 ला 32. एप्रिल 2026 पासून हा वाटा कामाची कमाई म्हणून धरायचं ठरलं, पण पूर्ण नाही, त्यातला 72.5 टक्केच, म्हणजे कमाईवरच्या सगळ्यात वरच्या 47 टक्के दराच्या जागी साधारण 34 टक्के. एवढी मोठी चर्चा, निवडणुकीत लेबर पक्षाचं वचन, आणि शेवटी 13 टक्के सोडलेच. का सोडले? हा प्रश्न तुमच्या लेखात हवा होता.

लोक जातील हे खोटं नाही, काही गेले पण, इटली आणि दुबई बोलावतायत. पण 2017 मध्ये पंधरा वर्षं राहिलेल्यांची सवलत काढली तेव्हा पण सगळे जाणार म्हणत होते आणि फार थोडे गेले. आणि हे काही एका पक्षाचं खूळ नाही, नॉन-डॉम बंद करायची घोषणा मार्च 2024 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे जेरेमी हंट यांनी केली, त्यांच्यानंतर अर्थमंत्री झालेल्या लेबरच्या रेचल रीव्हज यांनी ती आणखी कडक केली. बाहेर साठलेले जुने पैसे आणायला तर तीन वर्षांची मुदत दिलीये, पहिली दोन वर्षं 12 टक्के टॅक्स, मग 15. आमच्या क्लीनरला 20 टक्के, तिला कुणी मुदत देत नाही.

लेख वाचून इकडे नोकरीला यायच्या विचारात असलेल्यांसाठी एक सांगते कारण हे कुणी सांगत नाही. मागची दहा वर्षं इथं राहिला नसाल तर नव्या नियमात पहिली चार वर्षं परदेशातल्या कमाईवर टॅक्स माफ आहे, पण ती माफी मागितली की 12,570 ची सूट आता पण जाते. घरचं भाडं, एफडीचं व्याज थोडंच असेल तर आधी कागदावर हिशोब करा, मग फॉर्म भरा.

आपली,
एक वाचक, स्लाऊ (मूळ सांगली)