बुडालेल्या जहाजांना भंगार म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला डच आरमारावरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा रागामुळे नीट वाचताच आला नाही. 'भंगारात गेलेलं आरमार' असं शीर्षक द्यायला हात कसा धजला? 'डे रॉयटर', 'जावा' आणि 'कोर्टेनार' ही तीन डच जहाजं दुसऱ्या महायुद्धात, 27 फेब्रुवारी 1942 रोजी, जपान्यांशी लढताना जावा समुद्रात बुडाली, त्यांच्याबरोबर 900हून अधिक माणसं गेली. त्यातली बहुतेक त्या जहाजांतच राहिली. त्यांना दुसरी कबर नाही.

आपले लेखक म्हणतात की डचांनी पूर्वेकडे, म्हणजे त्यांच्या ताब्यातल्या तेव्हाच्या इंडोनेशियात, आरमार ठेवलं ते नुसतं मिरवायला, आणि वेळ आली तेव्हा ते एका दिवसात संपलं. एका दिवसात संपलं, हे खरं. पण का संपलं यावर दोन ओळी खर्च करायला काय हरकत होती? रिअर अॅडमिरल कारेल डोरमान यांच्या हाताखाली 5 क्रूझर आणि 9 विनाशिका होत्या, त्याही डच, ब्रिटिश, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन अशा चार देशांच्या. एकत्र सराव झालेला नाही, इशाऱ्यांचं पुस्तक एक नाही, डोक्यावर स्वतःचं विमान नाही. मायदेश 1940पासून जर्मनांच्या ताब्यात, म्हणजे मागून मदत येण्याची आशाच नाही. समोरून जपान्यांचे ऑक्सिजनवर धावणारे टॉर्पेडो, आणि त्यांचा पल्ला केवढा याचा दोस्तांना पत्ता नाही. 'मी हल्ला करतोय, माझ्यामागे या' हे डोरमान यांच्या तोंडचं वाक्य लेखात चौकटीत छापलं आहे. त्यांचा प्रत्यक्ष इशारा साधा होता, 'सर्व जहाजांनी माझ्यामागे यावं' एवढाच. कारण मघाशी सांगितलं तेच, याहून लांब इशारा सगळ्यांना कळलाच नसता.

मी हे पुस्तकं वाचून सांगत नाही, संपादक महोदय. मी 26 वर्षं परदेशी टँकरवर इंजिनात तेलवाला होतो. 1983 साली आमचं जहाज जावा बेटावरच्या सुराबाया बंदराला चाललं होतं. आमचे बडे साब, म्हणजे चीफ इंजिनीअर, डच होते. बोलणं कमी, शिस्त फार. रात्री साडेअकराच्या सुमारास, बावेआन बेटाच्या अलीकडे, त्यांनी मला टॉर्च घेऊन मागच्या डेकवर बोलावलं. मला वाटलं स्टिअरिंग गिअरमध्ये काही बिघाड असेल. वर गेलो तर साहेब आंघोळ करून, धुतलेला पांढरा शर्ट घालून उभे. तारीख 27 फेब्रुवारी. मला त्या तारखेचा अर्थ ठाऊक नव्हता.

त्यांचे वडील 'जावा' जहाजावर आगवाला, म्हणजे बॉयलरवरचे खलाशी, होते. टॉर्पेडो मागच्या दारूगोळ्याच्या कोठाराला लागला, जहाजाचा मागचा भागच तुटून गेला आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळं पाण्याखाली. साहेब तेव्हा सहा वर्षांचे, आईबरोबर सुराबायात. पुढची साडेतीन वर्षं माय-लेकरं जपान्यांच्या छावणीत. हे सगळं त्यांनी मला पाच-सहा वाक्यांत सांगितलं. मग खिशातून तंबाखूचा डबा काढला, पाण्यात सोडला आणि टॉर्च विझवायला सांगितला. मला म्हणाले, 'तू खाली जिथे उभा राहतोस ना, तिथेच तेही उभे होते.' ज्याने इंजिन रूममध्ये वॉच केला आहे त्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. खाली खिडकी नसते. वर काय चाललंय ते घंटेवरून कळायचं, नाहीतर कळतच नाही.

ही जहाजं 2002 आणि 2004 साली समुद्रात बुडी मारणाऱ्या डायव्हरांना सापडली. लढाईला 75 वर्षं होणार म्हणून 2016मध्ये पुन्हा पाहायला गेले, तर 'डे रॉयटर' आणि 'जावा' जागेवर नव्हती. सुमारे 70 मीटर खोलीवर तळाच्या गाळात फक्त त्यांचे ठसे. 'कोर्टेनार'चाही मोठा भाग गेलेला. पोलाद आणि पितळेसाठी कुणीतरी माणसांसकट कबरी उपसून नेल्या. ती बातमी वाचली तेव्हा साहेब हयात नव्हते. बरं झालं, असं मला त्या दिवशी वाटलं. आता तुमच्या शीर्षकात तोच शब्द पाहिला, जो चोरांनी वापरला असेल.

लेख 1942च्या फेब्रुवारीतच थांबतो, हेही बरोबर नाही. 'अब्राहम क्रेइन्सेन' ही सुरुंग काढणारी छोटी डच बोट झाडाच्या फांद्या अंगावर बांधून, दिवसा बेटांच्या कडेला बेटासारखी उभी राहून आणि रात्री चालून मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाला पोचली. डच पाणबुड्या पुढे कोलंबो आणि ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून लढत राहिल्या. आणि 11 नोव्हेंबर 1942? त्या दिवशी हिंदी महासागरात 'ओन्डिना' हा डच टँकर आणि त्याच्या सोबतीला आपल्या रॉयल इंडियन नेव्हीचं छोटंसं 'बेंगाल' होतं. समोर 'होकोकू मारू' आणि 'आइकोकू मारू' ही मोठ्या तोफांची दोन जपानी जहाजं. यांच्याकडे प्रत्येकी एक तोफ. तरी 'होकोकू मारू' स्फोट होऊन बुडालं. 'ओन्डिना'चे कप्तान हॉर्समान मारले गेले, होड्यांत उतरलेल्या माणसांवर मशीनगन चालली, तरी उरलेले डच आणि चिनी खलाशी पेटलेल्या जहाजावर परत चढले, आग विझवली आणि आठवड्याभरात जहाज फ्रीमँटलला नेलं. 'बेंगाल'ही गोळे संपत येईपर्यंत लढून सुखरूप निसटलं. त्या काळच्या आपल्या आरमारात रत्नागिरीच्या कोकणी मुसलमान खलाशांचा केवढा भरणा होता! मराठी वर्तमानपत्रात ही लढाई येऊ नये?

आणखी एक. 'डच आरमाराचा आपल्या किनाऱ्याशी फारसा संबंध आला नाही' हे वाक्य कुणीतरी तपासायला हवं होतं. 1637 ते 1644 आणि पुन्हा 1656 ते 1663, पाऊस सरला की डच जहाजं मांडवीच्या मुखाशी येऊन नांगर टाकत आणि गोव्यात पोर्तुगिजांची कोंडी करत. त्या ताफ्याला रसद पुरवणारी वखार आमच्या वेंगुर्ल्यात. त्या रात्री साहेबांनी माझं गाव विचारलं. मी वेंगुर्ले म्हटल्यावर ते म्हणाले, 'विंगुर्ला! जुन्या नकाशात आहे.' त्यांनी वखारीबद्दल विचारलं आणि मला सांगायला काही नव्हतं, कारण लहानपणी आम्ही तिथे करवंदं आणि पतंग एवढ्यासाठीच जायचो. पुढे दर सुट्टीत तिथे जायला लागलो आणि दर वेळी भिंती आणखी खचलेल्या पाहिल्या. संबंधितांना लिहिलेल्या तीन पत्रांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही.

शीर्षकाबद्दल खुलासा छापावा, ही विनंती. आपल्या लेखकांना वेंगुर्ल्याला यायचं असेल तर वखार दाखवायला मी येईन. पावसाळ्याआधी या म्हणावं, नंतर झाडोऱ्यातून वाट काढणं माझ्या गुडघ्यांना जमत नाही.

आपला,
एक निवृत्त तेलवाला, वेंगुर्ले