तुझा ग्लोव्ह मी नेला होता

पिट्सबर्ग,
१ फेब्रुवारी २०२६

प्रिय सोन्या,
अनेक आशीर्वाद.

मराठीत लिहिते आहे, सावकाश वाच. अडलं तर बाबांना विचार. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर मी "जेवलास का" पासून सुरू करते आणि सांगायचं ते राहूनच जातं.

तळघरातल्या खोक्यातून तुझा बेसबॉलचा ग्लोव्ह मी काढून नेला. तुला न विचारता नेला, त्याबद्दल रागावू नकोस. मी मैत्रिणींबरोबर फ्लोरिडाला गेले होते असं बाबांनी तुला सांगितलं, ते मीच त्यांना सांगायला लावलं होतं. मी ब्रॅडेंटनला आपल्या पिट्सबर्गच्या संघाच्या, पायरेट्सच्या, फँटसी कॅम्पला गेले होते. आठवडाभर बेसबॉल खेळून आले. बघायला नाही, खेळायला.

तुला हे कॅम्प माहीतच आहेत. शिकागो कब्जचा जुना कॅचर रँडी हंडली याने १९८३ मध्ये अ‍ॅरिझोनात पहिला भरवला, आणि आता बऱ्याच संघांचे कॅम्प जानेवारीत, स्प्रिंग ट्रेनिंगच्या आधी, त्याच मैदानांवर होतात. पहिल्या दिवशी सगळ्यांची चाचणी होते, मग माजी खेळाडू आपापले संघ निवडतात, आणि पुढे रोज दोन मॅच, सात-सात इनिंगच्या. स्पर्धाच असते ती, गुणतक्ता लागतो भिंतीवर. पैसे भरपूर लागतात. मी माझ्या साठवलेल्यातले भरले.

लॉकरवर आपलं आडनाव लिहिलेलं होतं. आत गणवेश टांगलेला, पाठीवर पुन्हा आडनाव, आणि खाली १७. तुझाच नंबर मी मागून घेतला होता. मी तिथे बाकावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. शेजारचे गृहस्थ सदुसष्ट वर्षांचे, ते गुडघ्याला पट्टी बांधता बांधता म्हणाले, पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं.

ब्रॅडेंटन तुला आठवतं का? तू आठ वर्षांचा असताना बाबांनी तुला पेपरमधला फोटो दाखवला होता, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांचा. उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी दोन पोरं, बेसबॉल कधी हातात न धरलेली, २००८ मध्ये पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं आणि २००९ मध्ये ती ब्रॅडेंटनच्याच संघाकडून गल्फ कोस्ट लीगमध्ये खेळली. तू तो फोटो कापून पलंगाशी चिकटवलास. त्याच गावात मी कवायत करत होते तेव्हा तो फोटो माझ्या डोळ्यांसमोर होता.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही ते सांगते.

मी सांगलीला शाळेत असताना खो-खो खेळायचे. सगळ्याच मुली खेळतात तशी नाही. मी शाळेच्या संघात होते आणि मग जिल्ह्याच्या. पळतीला पहिल्या तिघींत माझं नाव असायचं. सातवी ते दहावी, रोज संध्याकाळी मैदानावर. एका आंतरशालेय सामन्यात सात मिनिटांच्या डावात मी साडेतीन मिनिटं पळले होते. आमच्या बाई त्या दिवशी मैदानाच्या कडेला उभ्या राहून घड्याळ बघत रडत होत्या. दहावीच्या वर्षी राज्य निवड चाचणीला माझं नाव आलं आणि घरी ठरलं की आता पुरे. बोर्डाची परीक्षा होती, आणि मुलगी मोठी झाली होती. कोणी ओरडलं नाही, कोणी मारलं नाही. माझे कॅनव्हासचे बूट आजीने कामवाल्या मावशींच्या मुलीला दिले, एवढंच. मीही काही बोलले नाही. पुढे कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही, आणि मग इतकी वर्षं गेली की ते दुसऱ्याच कोणा मुलीचं वाटायला लागलं.

गेल्या वर्षी जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. फायनल मी फोनवर पाहिली. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवलं, कप्तान प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. ती चषक उचलत होती आणि मी ओट्याशी उभी राहून हुंदके देत होते. बाबा धावत आले, त्यांना वाटलं भारतातून काही वाईट बातमी आली. त्या रात्री त्यांना पहिल्यांदा सगळं सांगितलं. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. ते म्हणाले, "मग आता खेळ की." इथे खो-खो कुठला खेळणार? पण बेसबॉल मला ठाऊक होता. तुझ्या प्रत्येक मॅचचं स्कोअरबुक मी लिहिलं आहे, सोन्या. कोण कुठे उभा राहतो, चेंडू कुठून कुठे जातो, सगळं मला आकड्यांत पाठ. वर्षभर मी पहाटे ट्रॅकवर पळले. तू दिवाळीला आलास तेव्हा "आई, बारीक झालीस" म्हणालास, ते त्यामुळे.

स्कोअरबुक लिहिणं वेगळं आणि तिथे उभं राहणं वेगळं, हे पहिल्याच दिवशी कळलं. बॅट घेऊन बॉक्समध्ये उभी राहिले, चेंडू टाकणारा पिचर साठ फूट सहा इंचांवर. गॅलरीतून ते अंतर किती ऐसपैस वाटायचं! चेंडू त्याच्या हातातून सुटलेला दिसला आणि कॅचरच्या हातात वाजलेला ऐकू आला, मधलं काही दिसलंच नाही. आणि तो पिचर कोण, तर साठीचा दातांचा डॉक्टर. मी तुला कुंपणाबाहेरून ओरडायचे ना, "अरे, नुसता बघत काय राहिलास, मार की!" ते शब्द त्या क्षणी माझ्याच कानात आले. तू सतरा वर्षांचा होतास आणि समोरचा पोरगा त्याच्या दीडपट वेगाने टाकत होता. मला माफ कर. मला खरंच माहीत नव्हतं.

मला सेकंड बेसवर ठेवलं होतं, तिथून फर्स्टला फेक जवळची म्हणून. दुसऱ्या दिवशी एक सरपटी चेंडू सरळ माझ्याकडे आला, तुझ्या ग्लोव्हच्या खळग्यात अगदी बसला. तो खळगा तुझ्या हाताने पडलेला आहे, माझ्या नाही, आणि चेंडूला तो बरोबर सापडला. मी वळून फर्स्टला फेकला आणि तोंडातून निघून गेलं, "खो!" चाळीस वर्षांनी. मला स्वतःला ऐकू आलं तेव्हा अंगावर काटा आला.

रोज सकाळी क्लबहाउसमध्ये त्यांचं गमतीचं कांगारू कोर्ट भरतं. आदल्या दिवशी कोणी काय केलं त्याचे खटले चालतात आणि डॉलर-दोन डॉलर दंड होतो. पुढच्या सकाळी मला उभं केलं आणि विचारलं, ते काय ओरडलीस? मी सांगायला लागले, पण सांगून कळेना. मग आठ जणांना ओळीने जमिनीवर बसवलं, एकाआड एक, उलटसुलट तोंडं करून. सगळे पन्नाशी-साठीचे, कोणाला मांडी घालता येईना, कोणाला उकिडवं बसता येईना. मी पाठीवर थाप मारून खो दिला, आणि बसलेल्याने दिशा न बदलता कसं धावायचं ते दाखवलं. आमचे कोच सत्तरीचे, मोठ्या लीगमध्ये खेळलेले. ते टोपी मागे सारून पुढे आले आणि म्हणाले, पुन्हा दाखव. मी पुन्हा दाखवलं. त्यानंतर आमचा अख्खा संघ फर्स्टला फेकताना "खो" ओरडायचा.

तिसऱ्या दिवसापासून सगळे लंगडत होते. बर्फासाठी सकाळी रांग लागायची. माझी उजवी मांडी मागून धरली होती आणि खांदा वर होत नव्हता.

आता चौथ्या दिवसाचं सांगते, हे पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलं. पाचवी इनिंग, दोन आउट, आम्ही एका रनने मागे. सेकंडवर आमचे ते सदुसष्टीचे गृहस्थ. मी मारलेला चेंडू सेकंड-थर्डच्या मध्ये उभ्या असलेल्या शॉर्टच्या डोक्यावरून मध्यभागी पडला. बॅटच्या लाकडाचा तो आवाज हातातून कोपरापर्यंत गेला. मी फर्स्ट ओलांडून पुढे धावत सुटले, आणि मान वर करते तर गृहस्थ थर्डवरच थांबलेले, आणि चेंडू माझ्यापुढे सेकंडवर पोचलेला. अडकले मी मध्येच. तुम्ही ज्याला पिकल म्हणता ते.

मागे फर्स्टवाला, पुढे सेकंडवाला. बेसपासून बेस ९० फूट, म्हणजे साडेसत्तावीस मीटरला थोडं कमी. आत्ताच्या नियमाने खो-खोचं मैदान लांबीला २७ मीटर असतं, हे तेव्हा डोक्यात नव्हतं, पायांना मात्र काहीतरी ओळखीचं वाटलं. मी थांबले. सेकंडवाला चेंडू उगारून आला, मी उजवीकडे खांदा टाकला आणि मागे वळले. त्याने फर्स्टला फेकला. फर्स्टवाला आला, त्याला कमरेतून झुकांडी दिली, पुन्हा वळले. खो-खोत मी मैदानभर नागमोडी पळाले असते, इथे कोणी चेंडू टेकवून टॅग करायला आला की आपल्या रेषेपासून तीन फुटांपलीकडे गेलं की बाद. तुझ्याच एका मॅचमध्ये तो निर्णय झाला होता आणि मी घरी येऊन नियमाचं पुस्तक काढलं होतं, ते उपयोगी आलं. पाय रेषेवर, नुसतं अंग हलवायचं. आता शॉर्टवाला येऊन मिळाला. त्याने हात लांब केला, मी पोट आत ओढलं, ग्लोव्हचा वारा लागला. आणि तेव्हा मला आमच्या बाईंचा आवाज आला, अगदी स्पष्ट: "बाद होणारच आहेस, घाई कशाला? वेळ काढ!"

मी वेळ काढत राहिले. शेवटी फर्स्टवाल्याने डाव्या खांद्यावर टेकवलाच. तिसरा आउट. मी होमकडे पाहिलं, तर आमचे गृहस्थ प्लेटवर उभे, दोन्ही हात वर. मी बाद होण्याआधी ते पोचले होते. अंपायरने रन धरला. सामना बरोबरीत आला.

ती मॅच आम्ही पुढे हरलो, आणि स्पर्धेत आमचा संघ शेवटून दुसरा आला. पण त्या संध्याकाळी मी स्कोअर लिहिणाऱ्याकडून वही मागून घेतली आणि माझ्या चौकोनात स्वतःच्या हाताने लिहिलं: ८-४-३-६-३, चेंडू ज्यांच्या हातून गेला त्यांच्या जागांचे नंबर. इतकी वर्षं तुझे चौकोन भरले, हा माझा पहिला.

सोन्या, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कोचने यादीतून तुझं नाव काढलं आणि तू घरी आलास. ग्लोव्ह खोक्यात टाकलास आणि मला म्हणालास, "आई, चौदा वर्षं वाया गेली." मी तुला पोळी वाढली. काहीच बोलले नाही. त्या वेळी मी तुला बुटांची गोष्ट सांगायला हवी होती. मला वाटायचं, माझीही वाया गेलीत, मग या मुलाला कोणत्या तोंडाने समजावू? पण चाळीस वर्षं कोणी विचारलं नाही तरी ती पळती माझ्या अंगात होती, रे. मी तिला बोलावलं आणि ती आली.

तू पुन्हा खेळायला लाग असं मी म्हणत नाही. तुझा खेळ, तू ठरव. माझ्या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तुला सांगणार नाही, विचारणारच.

ग्लोव्हची करंगळीकडची वादी तुटली होती, ती कॅम्पमध्ये नवी ओवून घेतली. तेल लावलंय, मध्ये चेंडू ठेवून दोरीने बांधून ठेवलाय, तू ठेवायचास तसा. आतलं नाव पुसट झालं होतं, त्यावरून पुन्हा मार्कर फिरवला. मी माझ्यासाठी एक वेगळा घेतला आहे, साडेअकरा इंची. एप्रिलमध्ये येशील तेव्हा मागच्या अंगणात बर्फ नसेल आणि माझा खांदाही तोवर बरा झालेला असेल. फेकशील का थोडे चेंडू माझ्याबरोबर?

तुझी
आई