छाटणीआधी एकदा वर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मान्सूनपूर्व छाटणी वेळेत उरका, अशी पत्रं दर मे महिन्यात वृत्तपत्रांत येतात. मागणी रास्तच आहे. वळवाच्या वाऱ्यात फांदी कोसळते, गाड्या चेपतात, कधी माणूस दगावतो. मला त्या छाटणीच्या आधीच्या पंधरा मिनिटांबद्दल लिहायचं आहे.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात जुना गुलमोहर आहे. त्याची एक फांदी तीन-चार वर्षांपासून वाळलेली होती. गेल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला तिच्या खालच्या अंगाला तांबट पक्ष्याच्या जोडीनं भोक पाडायला घेतलं. तांबट बहुतेकांना ऐकून माहीत असतो, बघून नाही. रणरणत्या दुपारी कुठंतरी तांब्याचं भांडं ठोकत बसल्यासारखा एकसुरी ‘टुक टुक टुक’ चालू असतो, तो हाच. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळावर नि छातीवर कुंकवाचं बोट ओढल्यासारखा लाल, डोळ्यांभोवती पिवळा. पोपटासारखी आयती ढोली तो शोधत नाही, स्वतः लाकूड कोरतो. ते लाकूड मेलेलं, मऊ पडलेलं असावं लागतं. जिवंत, कडक फांदी त्याच्या कामाची नाही.

मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असे. एक जण आत शिरायचा, थोड्या वेळानं चोचीत भुसा धरून तोंड बाहेर काढायचा, मान झटकायचा, पुन्हा आत. तो थकला की दुसरा. लिंबाएवढं तोंड पाडायला त्यांना काही दिवस लागले, आतली खोली वेगळीच. झटकलेला भुसा खाली उभ्या असलेल्या स्कूटरच्या सीटवर पडायचा. स्कूटरवाले काका झाडाला वाळवी लागली म्हणून औषध मारायला निघाले होते. त्यांना आमच्या खिडकीत आणून दाखवलं. काका पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “याला सुट्टी नाही का?” तेव्हापासून सीट पुसता पुसता तेही वर बघायला लागले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ठेकेदाराची माणसं आली. मी कामावर होते. संध्याकाळी परतले तेव्हा गुलमोहर भादरलेला होता आणि ओंडके कंपाउंडच्या भिंतीशी रचून ठेवले होते. करवत बरोबर ढोलीतून गेली होती. आत भुशावर दोन पिल्लं, पिसं नुकती फुटायला लागलेली. एक मेलेलं होतं, दुसरं रात्री गेलं. करवत चालवणाऱ्यांना मी दोष देणार नाही, कारण झाड किती उतरवलं याचे त्यांना पैसे मिळतात, वर कोण राहतं ते बघा असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला. “वाळकी फांदीच तर होती,” एवढ्यावर तो संपला.

पण वाळकी फांदी म्हणजे टाकाऊ फांदी नव्हे. तिच्या सालीखाली भुंगेऱ्यांच्या अळ्या असतात, त्या खायला सुतार पक्षी येतो. तांबटानं सोडलेल्या ढोलीत पुढं दयाळ किंवा चिमण्या संसार थाटतात, कारण त्यांना लाकूड कोरता येत नाही. शहरात आपण चिमण्यांसाठी लाकडी खोपे विकत आणून टांगतो आणि त्याच आठवड्यात झाडावरची फुकटची ढोली उतरवतो, याची मला गंमत वाटते. खरं तर राग येतो.

मी चोवीस वर्षांची आहे. इकॉलॉजी शिकले आणि आता त्याच कामात आहे. माझ्या मावशीला वाटतं, मी महिन्यातले वीस दिवस ताडोबात जीपमध्ये असते. प्रत्यक्षात माझं निम्मं निरीक्षण आमच्या गॅलरीत होतं. कढीपत्त्याची एक कुंडी आहे, तिच्यावर लिंबाळी फुलपाखराची मादी येऊन कोवळ्या पानांवर एकेक अंडं घालून जाते. मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळं. त्यातून निघालेली अळी सुरुवातीला हुबेहूब पाखराच्या शिटीसारखी दिसते, काळपट नि मध्ये पांढरा डाग, म्हणजे पक्ष्यानं चोच लावायचा प्रश्नच नको. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. बोटानं हलकंच डिवचलं तर डोक्यामागून लालसर, मऊ शिंगांची जोडी बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. आई म्हणते, “अगं, फोडणीपुरता तरी पाला ठेवतील का तुझे पाहुणे?” तरी तीच हल्ली पानं खुडताना उलटून बघते. एकदा एक कोष बरेच दिवस तसाच राहिला. फुलपाखराची वाट बघत होतो, तर त्याला बारीक भोक पडलं आणि आतून मुंगीएवढ्या पंधरा-वीस गांधीलमाश्या चालत बाहेर आल्या. त्यांच्या आईनं त्या कोषात अंडी घातली होती. माझ्या आईला वाईट वाटलं. मी मात्र तासभर भिंग घेऊन तिथंच बसले होते, हे कबूल करते.

पाऊस ओसरताना संध्याकाळी गच्चीवर जाऊन बघा. पिवळसर चतुरांचे थवे डोक्यावर घिरट्या घालत असतात, पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. यातली एक जात ऑक्टोबरच्या सुमारास भारतातून निघून मालदीवमार्गे समुद्र ओलांडते, आफ्रिकेचा पूर्व किनारा गाठते. बोटभर लांबीचा किडा. तेच चतुर आपल्या डोक्यावर डास टिपत असतात आणि त्यांची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात. आपण मात्र धुराचं यंत्र फिरवून त्यांनाही झोपवतो. तो धूर लागतो हवेतल्या उडत्या डासांना, फ्रिजमागच्या ट्रेमधल्या नि कुंडीखालच्या ताटलीतल्या अळ्या जागच्या जागी राहतात. पण हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

तर छाटणी. एप्रिल-मे हा पुण्यात नेमका घरट्यांचा काळ. कावळे तारांचे तुकडे आणून घर बांधत असतात, त्यात कोकीळ मादी आपलं अंडं सरकवायला टपलेली. शिंपी पक्षी दोन पानं कोळ्याच्या जाळ्यानं नि कापसानं शिवून त्यात बसलेला असतो. करवतही त्याच महिन्यात येते. झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, हे आता बऱ्याच सोसायट्यांना ठाऊक झालंय. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणंही येतं, हे मीटिंगमध्ये सांगितलं तर लोक हसतात. माझ्या वेळीही हसले.

मला खटले भरायचे नाहीत. ठेकेदाराला दिलेल्या कामाच्या कागदावर एक ओळ वाढवावी, एवढंच मागणं आहे: करवत लावण्याआधी कुणीतरी दुर्बीण घेऊन, नसेल तर नुसत्या डोळ्यांनी, पंधरा मिनिटं झाडाखाली उभं राहायचं. ढोली असेल, पक्षी चोचीत काही घेऊन एकाच जागी ये-जा करत असेल, तर ती फांदी पिल्लं उडेपर्यंत सोडायची. रस्त्यावर किंवा मुलांच्या खेळायच्या जागेवर लोंबणारी वाळकी फांदी काढायलाच हवी, पण ती डिसेंबर-जानेवारीतही काढता येते. आणि जिथं खाली कुणी उभं राहत नाही, तिथं वाळक्या फांदीचा दोन-तीन हातांचा खुंट ठेवला तर काही बिघडत नाही. पक्षी बघणारी पोरं आता प्रत्येक वॉर्डात सापडतील. बोलावलं तर चहावर येतील.

आमच्या गुलमोहरालाही असा एक खुंट राहिला होता. कुणी विचार करून ठेवला नव्हता, शिडी पुरली नव्हती म्हणून राहिला. गेल्या महिन्यात सकाळी सकाळी स्कूटरवाल्या काकांनी बेल वाजवली. “अगं, सीटवर पुन्हा भुसा पडायला लागलाय.”

ठेकेदार येत्या सोमवारी येणार आहे. सेक्रेटरींना चिठ्ठी दिली आहे, उत्तर अजून आलेलं नाही. मी सोमवारची रजा टाकली आहे, आणि काकांनी स्कूटर त्या झाडाखालून हलवायची नाही असं ठरवलं आहे.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे