आई, पायऱ्या मोजून आलेय

ति. आई आणि बाबा,
सा. न.

काल फोन मध्येच तुटला, इथे रेंज फक्त जेवणघराच्या मागच्या एका धोंड्यापाशी येते, म्हणून म्हटलं पहाटे उठून नीट लिहूनच काढू. काळजी करू नका, आम्ही दोघंही मजेत आहोत. जोहान्सबर्गहून विमानाने झिम्बाब्वेतल्या बुलावायोला आलो आणि तिथून तासाभरात गाडीने माटोबोच्या डोंगरांत. तुमच्याकडे पाऊस धो धो असेल ना, इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, गवत सगळं पिवळं आणि रात्री हात गारठतात.

बाबा, हंपीला गेलो होतो तेव्हा तुम्ही त्या एकावर एक ठेवल्यासारख्या दगडांकडे किती वेळ बघत बसला होतात, मी कंटाळून रडले होते, आठवतंय? तसेच दगड आहेत, पण नजर जाईल तिथवर. हा ग्रॅनाइट दोनशे कोटी वर्षांहून जुना, आपला सह्याद्रीचा काळा दगड साधारण साडेसहा कोटींचा, म्हणजे त्याच्यापुढे अगदीच लहान. इथल्या न्देबेले लोकांचा राजा म्झिलिकाझी याने या डोंगरांना अमाटोबो म्हटलं, टकली डोकी, असं सांगतात. आणि खरंच तसेच दिसतात ते, गुळगुळीत.

आमची खोली दोन धोंड्यांच्या मधे बांधलीय, वर गवताचं छप्पर, आणि पलंगामागची भिंत म्हणजे सरळ डोंगराचाच दगड. दिवसभर ऊन खाल्लेला असतो तो, रात्री त्याला तळहात लावला की आतून कोमट लागतो. परवा जेवून आलो, पांघरुणात पाय घातले तर काहीतरी गरम, मी दचकलेच, बघते तर रबरी गरम पाण्याची पिशवी, लोकरीच्या खोळीत घालून ठेवलेली. आई, अगदी तुझ्या त्या लाल पिशवीसारखी. मी परीक्षेला जागायचे तेव्हा तू न बोलता पायाशी ठेवून जायचीस. मला एकदम भरून आलं गं. सकाळी खोली आवरणाऱ्या मावशींना ‘सियाबोंगा’ म्हटलं, म्हणजे थँक्यू, तर त्यांनी आधी विचारलं आई आहे का, कुठे असते.

जेवणाची चिंता सोड. मक्याच्या पिठाची घट्ट पांढरी उकड असते, साड्झा म्हणतात, हाताने खायची, आणि सोबत शेंगदाण्याचं वाटण घातलेली पालेभाजी. दाण्याचं कूट घातलेली भाजी, आई, आफ्रिकेत!

काल गेंड्याच्या मागे पायी गेलो. आधी सांगत नव्हते तुम्ही घाबराल म्हणून. रेंजर पुढे, आम्ही एका ओळीत, एकदम गप्प. पंचवीसेक पावलांवर मादी आणि तिचं पिल्लू चरत होतं, पांढरा गेंडा, रुंद तोंडाचा, गवत खाणारा, आणि ऐकू काय येत होतं तर गवत कापल्याचा करकर आवाज, आजोळच्या गोठ्यात म्हैस खायची ना, अगदी तोच. शिंग मात्र नव्हतं, बुंधा तेवढा. शिकाऱ्यांनी मारू नये म्हणून बेशुद्ध करून कापतात, नखासारखंच असतं ते, पुन्हा वाढतं, पुन्हा कापावं लागतं. इतका मोठा जीव आणि त्याला वाचवायला त्याचंच शिंग काढून घ्यायचं, फार वाईट वाटलं. रेंजर म्हणाला निदान जिवंत आहेत.

बाबा, इंग्रजांसाठी हा मुलूख बळकावणाऱ्या सेसिल ऱ्होड्सची कबर इथेच आहे, 1902 मध्ये तो गेल्यावर आणून पुरला, मलिंडिझिमू नावाच्या टेकडीवर. ही तर पूर्वजांच्या आत्म्यांची जागा, इथल्या लोकांना पवित्र, आणि तीच त्याने आपल्या कबरीसाठी निवडून ठेवली होती. मला नाही पटलं. पण न्स्वातुगी गुहेतली चित्रं बघून मन शांत झालं, इथल्या मूळच्या शिकारी सान लोकांनी हजारो वर्षांपूर्वी काढलेले जिराफ, मान पुढे टाकून चाललेले, रंग अजून टिकून. दुसऱ्या एका गुहेत, पोमोंग्वेला, शंभरेक वर्षांपूर्वी चित्रं टिकावीत म्हणून कुणीतरी त्यांना तेल फासलं आणि तीच खराब झाली. तुम्ही असतात तर तिथे तासभर बोलला असतात, मला तुमचा आवाज ऐकू येत होता तिथे.

आता मुद्द्याचं. मला तुम्हाला दोघांना इथे आणायचंय, पुढच्या वर्षी मे-जूनमधे. आई, गुडघ्याचं कारण सांगू नकोस, मी सगळं बघून ठेवलंय. जेवणघरापासून आमच्या खोलीपर्यंत 38 पायऱ्या आहेत, दोनदा मोजल्या, पण खालच्या बाजूच्या खोलीला फक्त 4, आणि धरायला लाकडी कठडा आहे. तिच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलं की समोरच्या कड्यावर डॅसी नावाचे दगडांत राहणारे केसाळ प्राणी ऊन खात पडलेले दिसतात, ससुल्याएवढे, आणि वरून काळा गरुड घिरट्या घालतो, तो त्यांच्यावरच जगतो. बाबा गुहा चढतील, तू तिथे चहा घेऊन बस, मी तुझ्याजवळ थांबेन. अजिंक्यतारा चढणाऱ्या माणसाला त्या गुहेचं काहीच नाही.

बाबा, कपाटातल्या निळ्या फाईलमधून दोघांचे पासपोर्ट काढा आणि तारखा बघून मला फोटो पाठवा. आणि आई, डॉक्टरांकडची फेरी या महिन्यात कर, पुढे ढकलू नकोस.

तुमची
चिमी