सेथाचा पान्हा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, पोटच्या पोरीच्या गळ्यावर करवत चालवते, ही कसली गं आई?" आणि अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसनची 'बिलव्हड' कादंबरी, त्या पळून आलेल्या गुलाम सेथाची गोष्ट, अर्धवट ठेवून दिलीस. तेव्हा वॉर्डात पेशंट हाक मारत होती, उत्तर राहून गेलं. आज सुट्टी आहे.

टोनी मॉरिसनला ही गोष्ट एका जुन्या वर्तमानपत्रातल्या बातमीत सापडली. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर ही गुलाम बाई नवरा, सासू-सासरे आणि चार पोरांसह अमेरिकेतल्या केंटकी राज्यातून पळाली. ओहायो नदी गोठली होती. बर्फावरून चालत ती ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीला पोचली. तिथे गुलामगिरी नव्हती, पण १८५०च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला तिथूनही धरून नेता येई. धरायला आलेल्यांनी घराला वेढा घातला, तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या लेकीचा, मेरीचा गळा चिरला.

पुढे कोर्टात जे झालं ते मला जास्त छळतं. तिच्याच बाजूचे लोक म्हणत होते, हिच्यावर खुनाचा खटला चालवा. मी ते दोनदा वाचलं, तेव्हा समजलं. खून माणूस माणसाचा करतो. तो खटला ओहायोत उभा राहिला असता, तर मार्गारेट माणूस आहे आणि मेरी तिची लेक होती, हे मान्य करावं लागलं असतं. मालक म्हणत होता, माझी मालमत्ता मला परत द्या. ती परत दिली गेली. १८५८ मध्ये मार्गारेट टायफॉइडने गेली, गुलाम म्हणूनच.

तिने केलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. माझ्या हातात रोज कोवळी बाळं असतात, माझ्याच्याने ते म्हणवणार नाही. पण "ही कसली आई" असं विचारताना आपण तिला आई धरूनच चालतो. तिच्या काळचा कायदा तेवढंही धरत नव्हता. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात १६६२ साली ठरलं होतं, आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणी का असेना. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी येतं, ते बघून मला बरं वाटतं. व्हर्जिनियात कायद्याने आईचं नातं किती आधी ओळखलं बघ, आणि ते लेकरू मालकाच्या दावणीला बांधण्यासाठी.

आता दुधाचं. सेथा पॉल डीला, गुलामीतल्या आपल्या जुन्या सोबत्याला, सांगते की मळा सांभाळायला आलेल्या मास्तरच्या पुतण्यांनी तिला धरून तिचं दूध काढून घेतलं. तो विचारतो फटक्यांबद्दल, ती पोटुशी असताना मारलं म्हणून हादरतो. ती मात्र पुन्हा तेच म्हणते, माझं दूध घेतलं. तू चार महिन्यांची असताना मी ड्यूटीवर रुजू झाले. एकदा बसमध्ये कुणाचं तरी बाळ रडलं आणि मला पान्हा फुटला. साडी भिजली, मी पर्स छातीशी धरून उभी राहिले. माझं दूध वाया गेलं तरी डोळ्यांत पाणी आलं होतं. सेथाचं तर लुटलं होतं. ती पाठीच्या वळांपेक्षा दुधाबद्दल का बोलते, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आणि तो मास्तर! पोरांना वहीत लिहायला लावतो, सेथाचे माणसाचे गुण एका बाजूला, जनावराचे दुसऱ्या बाजूला. ज्या शाईने तो लिहितो ती शाई सेथानेच बनवलेली.

बेबी सग्जवर, सेथाच्या सासूवर, तू जरा थांब. सुटका झाल्याच्या दिवशी ती स्वतःच्या हातांकडे बघते, हे हात माझे, म्हणून हसू लागते, आणि छातीत काय ठोकतंय ते तिला साठी उलटल्यावर पहिल्यांदा जाणवतं. विक्रीच्या कागदावर तिचं नाव जेनी. मालक म्हणतो, तेच ठेव, बेबी सग्ज हे काय स्वतंत्र बाईचं नाव झालं? पण नवरा तिला बेबी म्हणायचा. नाव बदललं तर त्याने तिला शोधायचं कसं? लग्नात ताटातल्या तांदळांवर माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या दुःखाशी त्याची तुलना नाही, पण त्या पानावर मी बराच वेळ थांबले.

हे सगळं लांबचं वाटू देऊ नकोस. जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. त्यांना ते लांबचं वाटलं नव्हतं.

सेथाला माफ कर असं माझं म्हणणं नाही. तिची दुसरी लेक डेन्व्हर, मदत मागायला अंगणाबाहेर पाऊल टाकते, निदान तिथपर्यंत वाच. मग फोन कर. मंगळवारपर्यंत रात्रपाळी नाही, मी उशिरापर्यंत जागी असते. आणि डबा वेळेवर खात जा.

तुझी,
आई